काँग्रेस नेतृत्वावर नाराज असलेल्या डाव्यांनी सीमाभागात नेमकं करायचं काय?

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात लाल बावट्याशी नातं असलेली मराठी माणसं संख्येनं थोडी, पण आहेत. अंगणवाडी आणि आशांच्या संघटनांत, विड्या वळणाऱ्या बायकांत, उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांत, शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) जुन्या घरांत, आणि महाराष्ट्र एकीकरण समितीत राहूनही शेकापच्या एन. डी. पाटलांना मानणाऱ्यांत. २०२३ ला आणि परत २०२४ ला यातल्या बऱ्याच जणांनी भाजपला रोखायचं म्हणून हाताला मत दिलं. जिल्ह्यात १८ पैकी ११ जागा काँग्रेसच्या आल्या.

दिल्लीत हा पक्ष विरोधी बाकावर आहे आणि तिथून येणारी भाषा कानाला बरी वाटते. २०२४ च्या जाहीरनाम्यात, म्हणजे न्यायपत्रात, ४०० रुपये किमान रोजंदारी, हमीभावाला कायद्याचा आधार, सरकारी खात्यांत कंत्राटी भरती बंद, हे सगळं होतं. जुनी पेन्शन मात्र त्यातून गुपचूप गळाली. आणि जिथं सत्ता आहे त्या कर्नाटकात काय चाललंय? भाजपचे जनविरोधी कायदे एका वर्षात रद्द करू, हे २०२३ च्या जाहीरनाम्यातलं लेखी वचन. शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घ्यायची मोकळीक देणारी २०२० ची भूसुधारणा दुरुस्ती ती मुदत उलटून गेली तरी जागची हलली नाही. अंगणवाडी सेविकेचं मानधन ११,५०० वरून १५,००० करू म्हणाले; मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात वाढले १,०००.

माझे तीन प्रश्न. पक्षाच्या आत शिरून नेतृत्वाला जाब विचारायची काही वाट त्यांच्या घटनेत आहे का? नसेल तर बाहेरून दबाव टाकताना बोट कुठं ठेवायचं, दिल्लीवर, बेंगळुरूवर की पालकमंत्र्यांवर? आणि पंचायतींच्या निवडणुका लागल्या तर पाठिंब्याचं काय? "मग भाजपला मदत होईल" एवढंच उत्तर देऊ नका, ते आम्हाला पाठ आहे. जाणकारांनी तपशिलात लिहावं.

---

घटनावाचक

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

कागदावर वाट आहे आणि ती चांगली आहे. पाच रुपये भरून प्राथमिक सदस्य व्हायचं. ब्लॉकमधून प्रदेश काँग्रेसचा प्रतिनिधी निवडायचा. प्रदेश प्रतिनिधींनी आपल्यातले एक अष्टमांश लोक अखिल भारतीय समितीवर पाठवायचे, तेही एकल संक्रमणीय मतपद्धतीनं, म्हणजे अल्पमतातल्या गटालाही वाटा मिळावा अशी सोय. पुढे त्या समितीनं कार्यकारिणीचे जवळपास निम्मे सदस्य मतदानानं निवडायचे. ही शिडी खरोखर चालू असती तर एखाद्या जिल्ह्यातल्या दोन-तीनशे संघटित डाव्यांनाही वरपर्यंत आवाज पोचवता आला असता.

अडतं कुठं ते बघा. कार्यकारिणीची खरी निवडणूक झाली ती १९९२ ला तिरुपतीत आणि १९९७ ला कोलकात्यात. त्यानंतर नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये रायपूरच्या महाअधिवेशनात पहिल्याच दिवशी सुकाणू समितीनं ठरवलं की निवडणूक घ्यायची नाही, सगळी नावं अध्यक्षांनी ठरवावीत. त्याच अधिवेशनात कार्यकारिणीत दलित, आदिवासी, ओबीसी, अल्पसंख्याक, महिला आणि तरुणांना ५० टक्के जागा द्यायची घटनादुरुस्ती झाली. ती चांगलीच आहे, पण त्या जागाही नेमणुकीनंच भरल्या. २० ऑगस्ट २०२३ ला ३९ जणांची यादी दिल्लीतून आली.

अध्यक्षपदाची निवडणूक १७ ऑक्टोबर २०२२ ला झाली हे खरं. खर्गेंना ७,८९७ आणि थरूरांना १,०७२ मतं पडली. पण मतदार कोण, याची यादीच आधी जाहीर होईना. पाच खासदारांना त्यासाठी पत्र लिहावं लागलं, तेव्हा कुठं उमेदवारी भरणाऱ्याला ती कार्यालयात बघायची सोय झाली. त्याच सुमाराला एकेका प्रदेश समितीनं एका ओळीचा ठराव केला: प्रदेशाध्यक्ष आणि अखिल भारतीय समितीचे सदस्य नेमायचे अधिकार काँग्रेस अध्यक्षांना देत आहोत. ती एक ओळ मंजूर झाली की एक अष्टमांश, संक्रमणीय मत वगैरे सगळी कलमं त्या वर्षापुरती निकामी. खालच्या सदस्याला मत देण्यासारखं काही उरतच नाही. तेव्हा सदस्यता घेऊन पाच वर्षं आत झटू, असं कुणी म्हणत असेल तर आधी ही ओळ त्याच्यापुढं ठेवा.

उदयपूरच्या मे २०२२ च्या चिंतन शिबिरातले ठरावही असेच. एक व्यक्ती एक पद, एक कुटुंब एक तिकीट. कर्नाटकात २०२३ ला सरकार आल्यावर उपमुख्यमंत्रिपद आणि प्रदेशाध्यक्षपद एकाच व्यक्तीकडे राहिलं. २०२४ ला चिकोडीतून पालकमंत्र्यांची मुलगी आणि बेळगावातून दुसऱ्या मंत्र्यांचा मुलगा उभा होता. चिकोडी आली, बेळगाव गेलं. कुटुंबातल्या दुसऱ्यानं पाच वर्षं पक्षात काम केलं असेल तर चालेल, अशी पळवाट ठरावातच ठेवलेली होती. नियम मोडला असं म्हणता येत नाही आणि पाळला असंही म्हणता येत नाही. डाव्या माणसाचा खरा हिरमोड इथं होतो: ज्या ठरावावर विश्वास ठेवून तो चारचौघांत पक्षाची बाजू घेतो, तो ठराव तिकीटवाटपाच्या रात्री कुणालाच आठवत नाही.

बेळगावच्या टिळकवाडीत वीरसौध आहे तिथं १९२४ चं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष. त्या अधिवेशनानं सदस्यत्वाची अट बदलून महिन्याला २,००० वार सूत अशी केली होती. ती अट फार टिकली नाही, पण सदस्याकडून काही मागायचं आणि म्हणून त्याला काही किंमत द्यायची, हा हिशेब त्यात होता. डिसेंबर २०२४ मध्ये शताब्दीची कार्यकारिणी बैठक इथंच झाली आणि २०२५ हे संघटना उभारणीचं वर्ष जाहीर झालं. त्यातून जिल्हाध्यक्ष निवडायची नवी रीत आली: निरीक्षक जिल्ह्यात येतात, लोकांना भेटतात, नावांचं पॅनेल वर पाठवतात, निवड दिल्लीत होते.

बाहेरच्या माणसाला थोडी फट आहे ती या निरीक्षकांच्या भेटीत. ते पक्षाबाहेरच्या संघटनांनाही भेटतात. गेलात तर अमक्याला अध्यक्ष करा म्हणू नका, तुमची नोंद त्या गटात होते आणि विषय संपतो. एक पान न्या, त्यावर फक्त तीन अपुरी वचनं, प्रत्येकापुढं जाहीरनाम्यातलं वाक्य आणि आजची स्थिती. खाली तारीख घाला. हे पान स्थानिक नेत्याच्या हातातून न जाता थेट वर जातं, एवढाच त्याचा फायदा. त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

---

खडेबाजार

घटनावाचक यांचं सगळं मान्य, पण चित्र एकतर्फी होऊ नये म्हणून दोन गोष्टी. गिग कामगारांसाठी, म्हणजे ॲपवरून काम घेणाऱ्यांसाठी, कर्नाटकानं २०२५ मध्ये कायदा केला, कंपन्यांकडून प्रत्येक व्यवहारातल्या मोबदल्यावर १ ते ५ टक्के कल्याण शुल्क घ्यायची त्यात तरतूद आहे. गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २,००० रुपये थेट बाईच्या खात्यावर येतात. हप्ते रखडतात ही तक्रार खरी, पण विड्या वळणाऱ्या घरात त्या पैशाचं मोल काय आहे ते बाहेरून कळत नाही.

दुसरी गोष्ट बेंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीची. १,७७७ एकर संपादनाला शेतकऱ्यांनी तीन वर्षांहून जास्त काळ विरोध केला. जून २०२५ मध्ये याच सरकारच्या पोलिसांनी आंदोलकांना उचललं, आणि १५ जुलैला याच सरकारच्या मुख्यमंत्र्यांनी संपादन सोडल्याचं जाहीर केलं. तीन आठवड्यांत सरकार फिरलं. शेतकरी, दलित, कामगार संघटना एकाच मागणीवर ठाम राहिल्या, भरपाई वाढवून देतो म्हटल्यावर फुटल्या नाहीत, म्हणून ते झालं. नेतृत्वाचं मन बदललं की नाही हे शोधत बसण्यात अर्थ नाही. त्याला माघार घेणं पुढं जाण्यापेक्षा सोपं कधी वाटतं, ते शोधा.

---

ऊसपट्टा

देवनहळ्ळी लांब राहिली, आपल्या जिल्ह्यातलंच घ्या. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस मुडलगी तालुक्यात गुर्लापूर क्रॉसला ऊस उत्पादक बसले. मागणी टनाला ३,५००. ७ नोव्हेंबरला मुख्यमंत्र्यांनी ३,३०० वर तोडगा काढला, त्यातले ५० सरकारनं द्यायचे. यात डाव्यांनी शिकायचं ते आकड्यात आहे, म्हणून हिशेब पूर्ण मांडतो.

२०२५-२६ ची एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, क्विंटलला ३५५ रुपये, १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला). वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा. उतारा ९.५ च्या खाली गेला तरी ३२९.०५ च्या खाली दर जात नाही. आता ११.२५ टक्के उतारा धरा: दहा टप्पे गुणिले ३.४६ म्हणजे ३४.६०, एकूण ३८९.६०. टनाला ३,८९६. ऐकायला हा आकडा ३,३०० पेक्षा मोठा वाटतो आणि कारखानदार सभेत तोच सांगतात. पण एफआरपीतून तोडणी-वाहतूक वजा होते. ती टनाला ८५० धरली तर हातात येतात ३,०४६. तोडग्यातले ३,३०० हे तोडणी-वाहतूक सोडून आहेत. म्हणजे कायद्यानं मिळणार होतं त्याहून साधारण अडीचशे रुपये रस्त्यावर बसून मिळाले, आणि त्यातला सरकारचा वाटा ५०.

सरकारची बाजू अशी की एफआरपी केंद्र ठरवतं आणि साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला तो आंदोलनापर्यंत तिथंच होता, मग राज्यानं काय करावं? यात तथ्य आहे आणि डाव्यांनी ते नाकारू नये, नाकारलं की पुढचं कुणी ऐकत नाही. केंद्राच्या गोष्टी केंद्राकडे मागा. पण ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे १४ दिवसांत बिल, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, ही वसुली राज्याच्या हातात आहे. वजनकाट्याची तपासणी राज्याच्या हातात आहे. उताऱ्याची नोंद तपासायला माणूस पाठवणं राज्याच्या हातात आहे. यातल्या एकाही गोष्टीसाठी मोदींची परवानगी लागत नाही. तिथं हात का आखडतो, तर सत्ताधारी आणि विरोधक दोन्हीकडे कारखान्यांशी नातं असलेली घराणी आहेत. मध्यममार्गी पक्षाचं नेतृत्व भाषणात शेतकऱ्याकडे आणि फायलीत कारखान्याकडे झुकतं ते यामुळं. त्याला वैयक्तिक लबाडी समजून चालत नाही, पक्षाचा निवडणूक खर्च कुठून निघतो आणि गावोगावचे कार्यकर्ते कुणाच्या नोकरीत आहेत, हे बघावं लागतं.

कामाची पद्धत सांगतो. बिलाची पावती हातात घ्या. त्यावर गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन, दर आणि कपाती असतात. प्रत्येक गावातून वीस पावत्यांच्या झेरॉक्स गोळा करा, गाळपाची तारीख आणि बँकेत पैसे जमा झाल्याची तारीख शेजारी लिहा. १४ दिवसांवर गेलेले दिवस मोजा, रकमेला १५ टक्क्यांनी गुणा, ३६५ नं भागा, दिवसांनी गुणा. एक लाखाचं बिल ४० दिवस उशिरा आलं तर व्याज १,६४३ रुपये होतं. अशा दोनशे पावत्यांचा तक्ता पालकमंत्र्यांपुढं ठेवला की "विषय केंद्राचा आहे" हे उत्तर देता येत नाही. तक्ता फसतो कधी, तर पावत्या एकाच कारखान्याच्या असल्या की. मग तो कारखाना ज्या पक्षाच्या माणसाचा, त्याचा विरोधक तुम्हाला वापरून घेतो. निदान तीन कारखाने, आणि दोन्ही पक्षांकडचे, एवढं पाळा.

---

फाउंड्री_शिफ्ट

कामगारांच्या बाजूनं भर घालतो, कारण सध्या सगळ्यात घाईचं काम तिथं आहे.

२०२३ च्या फेब्रुवारीत भाजप सरकारनं कारखाने कायद्याला कर्नाटकापुरती दुरुस्ती केली. आठवड्याचे ४८ तास कायम ठेवून दिवसाचं काम १२ तासांपर्यंत नेता येईल अशी. नवं सरकार आल्यावर ती रद्द होईल ही अपेक्षा होती, झाली नाही. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्रानं जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चारही श्रमसंहिता लागू केल्या, त्यामुळं जुना कारखाने कायदाच बाजूला पडला. त्यामुळं "२०२३ ची दुरुस्ती रद्द करा" ही घोषणा घेऊन अजून फिरणाऱ्यांनी आता मागणी बदलावी.

नवी मागणी काय असावी? सुरक्षितता संहितेच्या कलम २५ मध्ये दिवसाला आठ तास लिहिलेत, पण मधली सुट्टी धरून एकूण किती तास माणसाला कारखान्यात अडकवता येईल, ते सरकारनं अधिसूचनेनं ठरवायचंय. आपल्या उद्यमबाग-मच्छेच्या कारखान्यांसाठी ते सरकार म्हणजे राज्य. तेव्हा दिल्लीत संहितांविरुद्ध घोषणा देणाऱ्या पक्षाच्या हातात इथं पेन आहे. औद्योगिक संबंध संहितेनं कामगारकपात आणि कारखाना बंद करायच्या परवानगीची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली. आपल्याकडच्या बहुतेक फाउंड्र्या ३०० च्या आतल्या, म्हणजे इथल्या कामगाराचं ते कवच गेलंच. संपाला १४ दिवसांची नोटीस आता सगळीकडे. राज्य हे कलम एकट्यानं बदलू शकत नाही, राष्ट्रपतींची संमती लागते, पण नियमांत नोटिशीचा नमुना, पोच कशी धरायची, तपासणी कधी आणि कोण करणार, हे ठरतं, आणि अर्धी लढाई तिथंच जिंकली किंवा हरली जाते.

नियमांचा मसुदा राजपत्रात आधी छापावा लागतो आणि हरकतींना मुदत द्यावी लागते. ती मुदत चुकवू नका. "कामगारविरोधी संहिता मागे घ्या" अशा एका वाक्याच्या हजार पत्रांची नोंद एकच हरकत म्हणून होते. चार रकाने करा: नियम क्रमांक, मसुद्यातला मजकूर, हवा असलेला मजकूर, कारण. कारणात कायद्याचं कलम किंवा कामाच्या ठिकाणची स्थिती. भट्टीजवळ चौथ्या-पाचव्या तासानंतर उष्णतेचा त्रास वाढतो, ओतकाम करणाऱ्याला लांबलेल्या पाळीत भाजण्याचा धोका जास्त, असं ठोस लिहा. प्रत्येक युनियननं वेगळ्या नियमांवर हरकत घ्यावी, म्हणजे प्रत्येकीचा स्वतंत्र विचार करावा लागतो. एक प्रत कामगार मंत्र्यांना, आणि एक प्रत काँग्रेसच्या दिल्लीतल्या त्या खासदारांना ज्यांनी संसदेबाहेर संहितांचा निषेध केला. त्यांच्याच सरकारला त्यांनी काय सांगितलं, हे दोन महिन्यांनी पत्र पाठवून विचारा.

२०२० च्या सप्टेंबरात यातल्या तीन संहिता संसदेत मंजूर झाल्या तेव्हा विरोधकांचा बहिष्कार होता, त्यामुळं एकाही कलमावर मतविभागणी मागितली गेली नाही. शेती विधेयकांवरून राज्यसभेतून निलंबित झालेल्या खासदारांच्या पाठीशी उभं राहणं बरोबरच होतं. पण कामगाराच्या नशिबी विरोधी पक्षाचं मतही नोंदलेलं नाही, ही सल जायची नाही.

---

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. दोन शंका. निवेदन मराठीत दिलं तर ते बाजूला पडतं आणि कानडीत दिलं तर आपलेच लोक नाराज होतात, यावर काय करायचं? आणि तिसरा प्रश्न, निवडणुकीचा, अजून कुणी घेतला नाही.

---

टपालशिक्का

भाषेचं उत्तर कायद्यातच आहे, फक्त दोन कागदांत फरक करा.

निवेदन: संविधानाच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं. मराठीतलं निवेदन परत करता येत नाही. तरी फाईल कानडीत चालते, म्हणून मराठी मूळ आणि मागे कानडी भाषांतर असं एकत्र टाचा. वर लिहा: मूळ मराठी, सोबत भाषांतर. हक्क सोडला असं होत नाही आणि टेबलावरच्या माणसाला सबब राहत नाही.

माहिती अधिकार: इथं मराठी चालेलच असं धरू नका. कलम ६(१) मध्ये इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असं आहे. कानडीत किंवा इंग्रजीत लिहा. कर्नाटकाच्या नियमात आणखी एक अडचण आहे, अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. अंगणवाडी मानधन, रिक्त पदं आणि इमारती असं एकाच अर्जात घातलं की फक्त पहिल्या विषयाचं उत्तर देऊन मोकळे होऊ शकतात. तीन अर्ज करा, प्रत्येकी १० रुपये. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत आयोगाकडं.

काय मागायचं हेही महत्त्वाचं. "वचन का पाळलं नाही" या प्रश्नाला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही, कारण ती माहिती नाही, मत आहे. "मानधनवाढीचा प्रस्ताव महिला व बालविकास खात्याकडून वित्त खात्याकडे कोणत्या तारखेला गेला, त्यावरच्या टिपणीची प्रत द्या" असं मागा. फाईल वित्त खात्यात अडली की मंत्र्याकडे, ते एका टिपणीतून दिसतं, आणि मग बोट नक्की कुठं ठेवायचं हे धागाकर्त्यांनी विचारलं होतं त्याचं उत्तर मिळतं.

निवेदन देताना पुढाऱ्याच्या हातात देऊन फोटो काढणं हे काम नव्हे. फोटोनंतर तो कागद गाडीत राहतो. जिल्हाधिकारी कार्यालयात आवक विभागात दुसरी प्रत द्या, तिसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पुढच्या प्रत्येक पत्रात तो क्रमांक पहिल्या ओळीत. डिसेंबरात सुवर्णसौधला (बेळगावच्या विधानभवनात) अधिवेशन असतं तेव्हा आंदोलनासाठी रांग लागते, एका दिवशी डझनभर संघटना असतात आणि मंत्री पाच मिनिटं येऊन जातो. त्या गर्दीत नवीन मागणी मांडून काही होत नाही. त्याआधी दोन महिने आमदाराकडून प्रश्न दाखल होईल असं बघा, आणि मोर्चा त्या उत्तराच्या दिवशी ठेवा. प्रश्न कानडीत तयार करून द्या, चार पोटप्रश्न पुरेत: किती, कधीपासून, कुणाकडे प्रलंबित, कधीपर्यंत. भाजपचा आमदार लगेच विचारेल, पण मग उत्तर भाजपलाच दिलं जातं. सत्ताधारी आमदारानं विचारला तर मंत्र्याला टोलवता येत नाही. तो नाही म्हणाला तर तसं लेखी घ्यायचा प्रयत्न करा. नाही दिलं तर तुमच्या पत्राची पोच हाच पुरावा.

---

मतपेटी

निवडणुकीचं घेतो.

कर्नाटकात जिल्हा आणि तालुका पंचायतींची शेवटची निवडणूक २०१६ ला झाली. मुदत २०२१ ला संपली. प्रभागरचना आणि आरक्षणाच्या घोळात भाजप सरकारनं टाळलं आणि काँग्रेस सरकारलाही वर्षानुवर्षं घाई झाली नाही. राज्यघटना हातात घेऊन सभा करणाऱ्या पक्षाला हा प्रश्न दिल्लीपर्यंत विचारायला हवा, कारण पंचायत राज हाही त्याच घटनेचा भाग आहे.

जागावाटपात डाव्यांचा अनुभव दोन्ही बाजूंनी बघावा. २०२० ला बिहारमध्ये डाव्यांनी २९ पैकी १६ जिंकल्या, काँग्रेसनं ७० पैकी १९. तेव्हा डाव्यांना जास्त जागा द्यायला हव्या होत्या हे बरोबर. पण २०२५ ला डाव्यांतली भाकप (माले) २० पैकी २ वर आली आणि काँग्रेस ६१ पैकी ६ वर, म्हणजे त्या एका आकड्यावर कायमचा हक्क सांगता येत नाही. महाराष्ट्रात २०२४ ला सोलापूर शहर मध्यमध्ये आडम मास्तर माकपकडून उभे असताना आघाडीतल्या काँग्रेसनं आपला उमेदवार दिला आणि जागा भाजपला गेली. सांगोल्यात आघाडीतल्याच शिवसेनेनं उमेदवार दिला, तरी शेकापनं जागा काढली. दोन्हीकडे दगा सारखाच होता. सांगोल्यात गावागावांत दूधसंस्था, पाणी आणि गणपतराव देशमुखांनी बांधलेली माणसं होती, म्हणून मित्रपक्ष विरोधात असूनही निभावलं. ज्याच्याकडे असं नाही त्यानं मोठ्या पक्षाच्या शब्दावर जागा लढवू नये.

आपल्याकडे तेवढी ताकद कुठंच नाही. म्हणून सुरुवात ग्रामपंचायतीपासून. तिथं पक्षचिन्ह नसतं, त्यामुळं समिती, शेकाप, लाल बावटा आणि काँग्रेसमधले नाराज एका पॅनेलवर येऊ शकतात आणि कुणाला पक्षांतर करावं लागत नाही. जिल्हा आणि तालुका पंचायतीला पक्षचिन्हावर लढत होते, तिथं पाठिंब्याचा प्रश्न येतो.

पाठिंबा द्यायचाच असेल तर तो अर्ज माघारीच्या दिवसापर्यंत जाहीर करू नका. अर्ज भरायच्या आधीच "भाजपला हरवण्यासाठी बिनशर्त" असं पत्रक काढलं की तुमच्याकडे बोलायला कुणी येत नाही, आणि दर वेळी हीच चूक होते. मागण्या उमेदवाराच्या हातात असतील अशाच लिहा. जिल्हा पंचायत सदस्याला श्रमसंहिता बदलता येत नाही, पण अंगणवाडीची भाडी वेळेवर देणं, रोजगाराच्या कामाची मागणी नोंदवून पावती देणं, पाणी योजनेवरच्या माणसांचा पगार, यावर तो दर बैठकीला बोलू शकतो. तीन मागण्या, प्रत्येकीला मुदत, खाली उमेदवाराची आणि ब्लॉक अध्यक्षाची सही. निकालानंतर सहा महिन्यांनी त्याच गावात जाहीर बैठक घ्यायची, तीही तारखेसकट कागदात लिहायची. वाटाघाटीला निदान तिघं जावीत, त्यात एक बाई संघटनेची असावी, आणि मध्यस्थ नको. मध्यस्थ आला की कागद बाजूला पडतो आणि बोलणं समाजाच्या मतांवर येतं.

मराठी-कानडीचा प्रश्न यात शेवटच्या आठवड्यात येतोच. समितीचा उमेदवार उभा असेल तर मराठी कामगार तिकडं ओढला जातो, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. सीमाप्रश्नावर काँग्रेसनं इथं कधी मराठी माणसाला उत्तर दिलेलं नाही. म्हणून तोच मागण्यांचा कागद समितीच्या उमेदवारापुढंही ठेवा. किमान वेतन, ऊसबिल आणि अंगणवाडीवर समितीची भूमिका लेखी मिळत नसेल, तर तीही लोकांना दिसली पाहिजे. कुणीच सही केली नाही तर त्या मतदारसंघात पाठिंबा जाहीर न करता फक्त तीन मागण्यांचं पत्रक दोन्ही भाषांत वाटा, खाली सही न करणाऱ्यांची नावं आणि कागद कोणत्या तारखेला दिला ते छापा. पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव आणि पत्ता घालायला विसरू नका. ते नसलं की निवडणूक अधिकारी गठ्ठा जप्त करतो.